पाने का मिटली? : भूगर्भातील कृष्णद्रव्याचा शोध आणि पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत भौतिकशास्त्र शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविले. संयोजकांनी मला पाचारण केले तेव्हा मी साहित्यावर बोलावे असेच त्यांच्या मनात होते. विषय मी विनंती करून बदलून घेतला. गुरुजींचे एक देणे माझ्याकडे फार वर्षे थकले आहे आणि ते साहित्यावर बोलून फिटण्यासारखे नाही. प्रस्तुत लेखाचे टिपण शाळेच्याच दोन माजी विद्यार्थ्यांनी वाचले. दोघेही भौतिकशास्त्राचे अध्यापन करतात. त्यांनी माझ्या अनेक चुका दुरुस्त केल्या. जी राहिली असेल ती सर्वस्वी माझी.

१९६५ सालचा हिवाळा. इंदुरातील पौषाची कोरडी थंडी. प्रयोगशाळेत सुवर्णपत्र विद्युतदर्शी होता. काचेची बरणी, तोंडाला बूच, बुचातून आत गेलेली पितळी सळई आणि तिच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पाने, इतकेच ते उपकरण. काचकांडी रेशमी कापडावर घासून सळईच्या तबकडीला लावली, की दोन्ही पाने एकमेकांपासून दूर सरत. मी प्रयोगवहीत लिहिले, 'विद्युतभार दिल्यावर पाने दूर होतात व तशीच राहतात.' गुरुजींनी वही परत दिली. म्हणाले, "अरे, हे पुस्तकाने पाहिले. तू काय पाहिलेस?" मला दिवसभर त्या बरणीपाशी जाऊन-येऊन बसावे लागले. शाळा सुटेपर्यंत पाने जवळजवळ मिटली होती.

"आता सांग, पाने का मिटली?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. आमच्या बरणीपुरते उत्तर साधे होते. बूच जुने, त्यातून भार गळत होता. पण गुरुजी तेथे थांबले नाहीत. बूच कितीही उत्तम घेतले, हवा कितीही कोरडी ठेवली, तरी पाने सावकाश का होईना मिटतातच, हे त्यांनी सांगितले. आणि त्या एका 'तरी'मधून विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राचे एक दालन कसे उघडले, तेही सांगितले. आज मला त्याच दालनातून आपणांस थोडे पुढे न्यावयाचे आहे.

उपकरणाचा दोष की निसर्गाचा निरोप?

१८९६ साली हेन्री बेकरेल यांना युरेनियमचा किरणोत्सर्ग आढळला. हे किरण हवेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, त्यामुळे हवा किंचित विद्युतवाहक होते आणि भार ओसरतो. तेव्हा बंद पात्रातील पाने मिटतात ती जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे, असे मानले गेले. हे खरे असेल तर जमिनीपासून वर जावे तसा परिणाम कमी व्हावयास हवा. १९१० साली थिओडोर वुल्फ यांनी आपले उपकरण पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेले. परिणाम घटला, पण अपेक्षेइतका नाही. १९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरांहून अधिक उंचीवर गेले. तेथे तो परिणाम उलट पुष्कळ वाढलेला आढळला. म्हणजे काही किरण वरून, पृथ्वीच्या बाहेरून येत होते. हेच विश्वकिरण. या शोधासाठी हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

एका पिढीला जो उपकरणाचा दोष वाटला तो पुढच्या पिढीचा शोध ठरला. आणि गंमत अशी, की आज एका निराळ्याच शोधात गुंतलेल्या शास्त्रज्ञांना तेच विश्वकिरण पुन्हा उपद्रव वाटू लागले आहेत. हा निराळा शोध म्हणजे कृष्णद्रव्याचा.

काय शोधावयाचे आहे?

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दीर्घिकासमूहाचे निरीक्षण केले. त्यातील दीर्घिकांचे वेग इतके मोठे होते, की केवळ दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो समूह एकत्र राहणे शक्य नव्हते. १९७० पासून व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेचे भ्रमण मोजले. कडेचे तारे अपेक्षेहून फार वेगाने फिरत होते. पुढे इतर मार्गांनीही हेच निष्पन्न झाले. विश्वात आपल्या परिचयाच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट असे काही आहे, जे प्रकाश देत नाही, अडवीत नाही, पण ज्याला गुरुत्वाकर्षण आहे. ते कशाचे बनले आहे हे अद्याप ठाऊक नाही.

ते जर एखाद्या मूलकणाचे बनले असेल तर आपली आकाशगंगा त्या कणांनी भरलेली असणार आणि ते या सभागृहातूनही अखंड जात असणार. त्यातला एखादा कण क्वचित एखाद्या अणुकेंद्राला धडकेल, अणुकेंद्र किंचित मागे सरेल आणि एक अतिक्षीण ठिणगी उमटेल, अशी अपेक्षा आहे. ही ठिणगी पकडणे हा प्रयोगांचा हेतू. परंतु आजवरच्या शोधांवरून दिसते ते असे, की एक टन द्रव्य वर्षभर राखत बसावे तरी अशी धडक एखादी होईल अथवा होणारही नाही.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम आहे आणि त्याचा एक अल्प अंश किरणोत्सर्गी आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात केवळ त्यामुळे दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणूंचे विघटन होते. एकीकडे वर्षाला एखादी ठिणगी, दुसरीकडे सेकंदाला चार हजार! ऐन यात्रेत, ढोलताशांच्या दणदणाटात, टाचणी पडल्याचा आवाज ऐकावयाचा आहे. हा जो दणदणाट, त्यालाच पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग म्हणतात.

आगीतून फुफाट्यात

पहिला उपद्रव आकाशाचा. विश्वकिरण वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे कण निर्माण होतात. पसरलेल्या तळहातातून दर सेकंदाला असा एखाददुसरा आरपार जातो. त्यांना अडविण्याचा उपाय एकच, डोक्यावर पुष्कळ खडक घेणे. म्हणून हे प्रयोग जमिनीखाली होतात.

ही वाट भारतीयांना नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरून, खोलीगणिक म्यूऑन कसे घटतात हे मोजीत होते. अत्यंत खोल ठिकाणी आठवडेच्या आठवडे थांबूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. हाती शून्य आले. पण इतक्या नीरव जागी न्यूट्रिनोसारखा लाजाळू कणही ओळखता येईल हे त्या शून्यानेच सुचविले. १९६५ साली, जमिनीखाली सुमारे २३०० मीटरांवर, या संस्थेने जपानच्या ओसाका व इंग्लंडच्या डरहॅम येथील विद्यापीठांच्या सहकार्याने वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद मिळविली. मिटणाऱ्या पानांपाशी मला बसविणाऱ्या गुरुजींनी त्याच वर्षी ही बातमी वर्गात वाचून दाखविली होती. ती खाण २००१ साली बंद झाली.

इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखाली, महामार्गाच्या दहा किलोमीटरांच्या बोगद्याला लागून, आज जगातील एक मोठी भूगर्भ प्रयोगशाळा आहे. वर सुमारे १४०० मीटर खडक. बाहेर एका चौरस मीटरवर दर मिनिटाला सुमारे दहा हजार म्यूऑन पडतात. तेथे तासाला साधारण एक. घट दहा लाखपटीच्या घरातली आहे.

पण आकाश टाळून खडकाच्या आसऱ्याला जावे तर खडकातच युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम आहे. आगीतून फुफाट्यात, अशी ही गत. झारखंडमधील जादुगुडा येथे ५५५ मीटर खोलीवर २०१७ साली भारताची भूगर्भ प्रयोगशाळा सुरू झाली. ती तर युरेनियमच्याच खाणीत आहे. तेव्हा खडकापासून रक्षण करण्यासाठी उपकरणाभोवती आणखी तटबंदी हवी. ग्रान सास्सोमधील 'झेनॉन' प्रयोगमालेचे उपकरण सुमारे ७०० टन शुद्ध पाण्याच्या टाकीत बुडविलेले आहे. पाणी खडकातून येणारे गॅमा किरण शोषते, न्यूट्रॉनांचा वेग मारते, आणि एखादा म्यूऑन त्यातून गेलाच तर जो निळसर प्रकाश उमटतो त्यावरून त्याची चाहूलही देते.

तटबंदीसाठी शिसे उत्तम. पण नव्याने गाळलेल्या शिशात शिसे-२१० हा किरणोत्सर्गी समस्थानिक असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे. यावर सापडलेला एक उपाय ऐकून माझ्यासारखा जुन्या पोथ्यांचा माणूस हरखून गेला. सार्डिनिया बेटाजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एक रोमन जहाज शिशाच्या लगडी घेऊन बुडाले होते. समुद्रतळाशी पडलेल्या त्या शिशातील २१० केव्हाच विरून गेले होते. त्यातील काही लगडी ग्रान सास्सोमधील 'क्युओरे' या प्रयोगाला मिळाल्या. हा प्रयोग कृष्णद्रव्याचा नाही, न्यूट्रिनोंविषयीचा आहे; पण त्यालाही हीच नीरवता लागते. लगडींवर रोमन अक्षरे कोरलेली होती. ती कापून पुरातत्त्वासाठी जपून ठेवली आणि उरलेले शिसे वितळविले.

घरचे भेदी

बाहेरचे शत्रू अडविता येतात. अवघड असतात ते घरचे भेदी. उपकरणाचे पोलाद, तांबे, तारा, स्क्रू या साऱ्यांत किरणोत्सर्गी अणूंचा अंश असतो. म्हणून प्रत्येक वस्तू आधी अतिसंवेदनशील मापकापुढे ठेवून तपासतात आणि मगच तिला आत प्रवेश देतात. तांबे तर जमिनीवर नुसते पडून राहिले तरी विश्वकिरणांमुळे त्यात किरणोत्सर्गी कोबाल्ट तयार होऊ लागते. यास्तव ते लवकर जमिनीखाली न्यावे लागते.

सर्वांत चिवट भेदी म्हणजे रेडॉन. युरेनियमच्या विघटनमालिकेत निर्माण होणारा हा वायू धातूंच्या पृष्ठभागातून पाझरत राहतो. द्रवरूप झेनॉन हे आजच्या मोठ्या उपकरणांचे माध्यम. तो उणे शंभर अंशांच्या आसपास ठेवतात. त्यात रेडॉन मिसळला की त्याच्या वंशजांचे विघटन थेट मध्यभागी होते, आणि तेथे कोणतीही तटबंदी उपयोगी पडत नाही. दुसरा भेदी क्रिप्टॉन-८५. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून तो हवेत आला, आणि झेनॉन हवेतूनच मिळवीत असल्यामुळे तो सोबत येतो. माणसाच्या अणुयुगाचा डाग असा या शुद्ध द्रवापर्यंत पोहोचतो. दोहोंनाही ऊर्ध्वपातनाने दूर करतात. 'झेनॉन-एन-टी' या उपकरणात हे काम इतके साधले आहे, की एक टन झेनॉनमध्ये रेडॉनच्या एखाद्या अणूचे विघटन व्हावयास पंधरावीस मिनिटे लागतात. आपल्या शरीरातील सेकंदाला चार हजार येथे आठवावेत.

जे उरते ते ओळखून वेगळे काढावे लागते. गॅमा आणि बीटा किरण बहुधा इलेक्ट्रॉनला धडकतात. कृष्णद्रव्याचा कण अणुकेंद्राला धडकेल. द्रव झेनॉनमध्ये प्रत्येक धडकेतून प्रकाश उमटतो आणि काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. या दोहोंचे प्रमाण दोन प्रकारच्या धडकांत निरनिराळे असते. त्यावरून बरीचशी पारख होते. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रालाच धडकतो, म्हणून तो खरा बहुरूपी. त्याच्यावर एक खूण चालते. तो अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी धडकतो. कृष्णद्रव्याचा कण दोनदा धडकेल हे जवळजवळ अशक्य.

ऋतूंचा पेच

इतकी दक्षता घेऊनही पेच पडतातच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते आणि सूर्य आकाशगंगेत. जूनच्या आरंभी या दोन गतींची बेरीज सर्वाधिक होते, म्हणून त्या सुमारास कृष्णद्रव्याच्या धडकाही किंचित वाढाव्यात. ग्रान सास्सोमधील 'डामा' गटाने सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत अशी वार्षिक चढउतार दिसत असल्याचे १९९०च्या दशकापासून सांगितले. आकडेवारी भक्कम होती. तथापि वर्षाच्या तालावर हलणारे आणखी पुष्कळ काही असते. उन्हाळ्यात वातावरण तापून विरळ होते आणि म्यूऑन वाढतात; रेडॉनही ऋतूप्रमाणे बदलतो. ही कारणे अपुरी आहेत, असे 'डामा' गटाचे म्हणणे. मग स्पेनमधील 'अनाइस' आणि दक्षिण कोरियातील 'कोसाइन' या गटांनी तशाच स्फटिकांवर वर्षानुवर्षे मोजणी केली. त्यांना ती चढउतार आढळली नाही. दुसऱ्या जागी, दुसऱ्या हातांनी मोजून पाहणे हीच अशा वेळची खरी कसोटी.

तीन अणूंची कथा

मला सर्वाधिक शिकविले ते २०२० सालच्या घटनेने. 'झेनॉन-वन-टी' या उपकरणात इलेक्ट्रॉनच्या धडकांची एका विशिष्ट अल्प ऊर्जेच्या टप्प्यात २३२ इतकी अपेक्षा होती. मोजल्या गेल्या २८५. सूर्यातून येणाऱ्या ॲक्सिऑन या कल्पित कणांशी हे जुळत होते, आणि पार्श्वभूमीच्या निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता दहा हजारांत दोन इतकीच निघत होती. जगभर बातमी झाली. पण त्या गटाने आपल्या पहिल्याच निबंधात एक किरकोळ वाटणारे कारणही तितक्याच ठळकपणे मांडले होते. द्रवात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, असेल तर? एक किलो झेनॉनमागे जेमतेम तीन अणू पुरेसे होते. इतके अल्प प्रमाण मोजून पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते, म्हणून 'आहे' अथवा 'नाही' असे त्यांनी म्हटले नाही. २०२२ साली नव्या 'झेनॉन-एन-टी' उपकरणात ही पार्श्वभूमी सुमारे एक पंचमांशावर आणली गेली, आणि त्या जादा नोंदी दिसेनाशा झाल्या. ज्या गटाने नवल पाहिले त्यानेच ते पुसले आणि तितक्याच मोकळेपणाने जाहीर केले.

येथे मला माझे देणे सांगितले पाहिजे. पीएच.डी.च्या काळात एका जुन्या पोथीत मला अनपेक्षित, पुरातन भासणारे क्रियापदाचे रूप आढळले. त्या रूपाच्या बळावर मी त्या रचनेचा काळ शंभर वर्षे मागे नेला आणि तसा निबंध छापून आणला. पुढे माझ्या मार्गदर्शकांनी त्याच नकलकाराच्या हातच्या दुसऱ्या दोन पोथ्या माझ्यापुढे ठेवल्या. तो गृहस्थ एका विशिष्ट जागी वेलांटी गाळीत असे, सर्वत्र आणि सातत्याने. माझे 'पुरातन रूप' ही त्याच्या बोरूची सवय होती. १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांनी पाठांतील भ्रष्टता आधी ओळखली, हे मी वर्गात शिकवीत असे. स्वतः मात्र नकलकार न तपासताच काळ ठरवून बसलो होतो. प्रबंधातील ते प्रकरण मी नव्याने लिहिले. परंतु त्या नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठविण्यास मी संकोचाने दोन वर्षे लावली. गुरुजी त्या दोन वर्षांतच गेले. "तू काय पाहिलेस?" असे विचारणाऱ्या माणसाला मी काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे सांगावयाचे राहून गेले. कृष्णद्रव्य शोधणाऱ्यांनी ट्रिटियमच्या तीन अणूंची शक्यता पहिल्या दिवशीच छापली, हे वाचताना मला ती दोन वर्षे आठवली.

शेवटचे धुके

एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, इतक्या वर्षांत सापडले काहीच नाही. मग हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत साउथ डकोटातील होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, 'एल-झेड' हे उपकरण आहे. त्या गटाने २०२४ साली २८० दिवसांच्या नोंदी मांडल्या. कृष्णद्रव्याचा मागमूस नव्हता. आपल्या मनातील इच्छा निष्कर्षात उतरू नये म्हणून त्यांनी नोंदींत मुद्दाम खोट्या नोंदी मिसळल्या होत्या. विश्लेषण पूर्ण होईपर्यंत खरी कोणती आणि खोटी कोणती हे विश्लेषकांनाही ठाऊक नव्हते. अशा शिस्तीने आलेले 'नाही' हे फुकट जात नाही. कण अमुक प्रकारचा असता तर येथे दिसला असता, इतके ते निश्चित सांगते, आणि पुढच्याचे शोधाचे रान तेवढे आवरते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. 'झेनॉन-एन-टी' आणि चीनमधील 'पांडा-एक्स' या दोन गटांना सूर्यातून येणारे न्यूट्रिनो अणुकेंद्राला धडकत असल्याच्या पहिल्या खुणा मिळाल्या. या न्यूट्रिनोंना खडक, पाणी, शिसे काहीच अडवू शकत नाही. कृष्णद्रव्याच्या शोधात हे शेवटचे धुके. तटबंदीने ते हटणार नाही, त्यातूनच पाहावयास शिकावे लागेल. पण सूर्याचा अभ्यास करणाऱ्याला हेच धुके म्हणजे सूर्याच्या गाभ्यातून आलेले पत्र आहे. एकाची पार्श्वभूमी ती दुसऱ्याचा निरोप. वुल्फ आणि हेस यांच्या काळी जे घडले तेच पुन्हा घडत आहे.

असो. व्याख्यानाच्या निमित्ताने मी शाळेच्या प्रयोगशाळेला एक सुवर्णपत्र विद्युतदर्शी देत आहे. मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच, की त्याच्याशेजारी उत्तर लिहिलेला तक्ता लावू नये. मुलांनी भार द्यावा, दिवसभर जाऊन-येऊन पाहावे आणि जे दिसेल ते वहीत लिहावे. पाने का मिटली, हे त्यांना कोणी तरी विचारीलच.